सतरा नंबर

पुणे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर लिहिलेलं असतं
समुद्रसपाटीपासून किती उंच ते.
साडेपाचशे मीटर आणि वर थोडं.
ती पाटी वाचत मी मोठी झाले.
समुद्र म्हणजे खाली कुठेतरी असलेली एक सपाटी,
जिच्यापासून आम्हाला मोजतात.

आता मी उलटं मोजते.
भोसरीत, टेल्को रोडच्या मागच्या गल्लीत
आमच्या शेडमध्ये टायटॅनियमची नळकांडी बनतात,
हातभर लांब, मांडीएवढी जाड.
इक्बालभाई तांबोळी ती लेथवर कातायचे.
चिवट, निळसर चुरा निघायचा,
तो पेट घेतो म्हणून शेजारी वाळूची बादली.
माझं काम शेवटचं. झाकण.
दोन रबरी रिंगा, बोटभर ग्रीस,
आणि डोळ्यांत तेल घालून बघणं
की खाचेत केस नाही, धागा नाही,
गळलेली पापणीसुद्धा नाही.
"वैजू, पाण्याला केसाएवढी वाट पुरते," ते म्हणायचे,
"आणि ते चोरासारखं नाही येत. मालकासारखं येतं."

तीन हजार मीटर खोल
नखाएवढ्या जागेवर तीनशे किलो.
पाषाणच्या पोंक्षे मॅडमनी हे सांगितलं तेव्हा
मी अंगठ्याचं नख पाहिलं,
आणि त्यावर सिमेंटची सहा पोती
एकावर एक रचून बघितली.

त्या वर्षी नायट्रोजनचा सिलिंडर आलाच नाही.
जहाज कोचीला खोळंबलेलं.
मॅडम फोनवर म्हणाल्या, साधी हवा चालेल, कोरडी असू दे.
सिलिका जेलच्या चार निळ्या पुड्या टाकल्या
आणि शेडमधल्या हवेसकट झाकण आवळलं:
कूलंट, समोरच्या टपरीवरचं तळण,
इक्बालभाईंच्या दाढेतली लवंग.

मग चौदा महिने ते
अरबी समुद्राच्या तळाशी बसून होतं.
डोक्यावरचं पाणी दोन बोटं चढलं तरी त्याला कळायचं.
दर पंधरा मिनिटांनी एक आकडा
स्वतःपाशीच लिहून ठेवायचं.
तिथे उजाडत नाही.
भरती मात्र येते, अंधारातच, वजनानं.

इकडे कुकरची रिंग बसवताना
मला दरवेळी सतरा नंबर आठवायचा.
त्या दिवशी घाई होती.
कपाळावर एक बट सुटली होती का माझी?
कुणाला बोलले नाही.

हिवाळ्यात इक्बालभाईंना दम लागू लागला.
लेकीकडे गेले, बार्शीला.
त्यांच्या जागी सीएनसी आलं.
ते लवंग खात नाही.

परवा पाषाणहून बोलावणं आलं.
टेबलावर सतरा नंबर, कळकट,
एका कडेला तांदळाच्या दाण्याएवढं पांढरं काही चिकटलेलं.
"हा प्राणी आहे," मॅडम म्हणाल्या.
नाव विचारलं. म्हणाल्या, बघावं लागेल.
मग पाना माझ्या हातात दिला.
"तुम्ही लावलंय, तुम्हीच उघडा."

फुस्स झालं नाही.
आतली हवा पुण्याची, बाहेरची पुण्याची,
एकाच उंचीवरच्या दोघी,
त्यांच्यात भांडायला काय असणार?
रिंगेवर केस नव्हता.
ग्रीसमध्ये माझ्या अंगठ्याचा ठसा, जसाच्या तसा.
तीन पुड्या निळ्या,
चौथी कडेला किंचित गुलाबी.
मॅडमनी वायर जोडली, आकडे उतरू लागले,
चाळीस हजारांवर.
त्यांची पाठ वळलेली पाहून
मी नळकांड्यात नाक घातलं.
रबर. ग्रीस.
आणि, पुरावा नाही माझ्याकडे,
पण लवंग.

बसमधून बार्शीला फोन लावला.
"पाणी?"
"नाही."
पलीकडून बराच वेळ नुसता श्वास येत राहिला,
आत, बाहेर, आत.
मग म्हणाले,
"ती गुलाबी पुडी फेकून दे. नवी टाक."
मी त्यांना गुलाबी पुडीचं
सांगितलंच नव्हतं.